अँटिबॉडी तपासणीला येताना तापाचा पहिला दिवस लिहून आणा

आमच्या लॅबच्या काउंटरवर तुम्हाला पहिला प्रश्न विचारला जातो तो तापाच्या पहिल्या दिवसाचा. बरेच जण "झाले असतील दोन-चार दिवस" म्हणून पुढे सरकतात. फॉर्मवरचा तेवढा एक चौकोन कोरा राहतो आणि नंतरचा बहुतेक गोंधळ त्या कोऱ्या चौकोनातूनच निघतो.

नेहमीचा प्रसंग असा. तापाच्या दुसऱ्या दिवशी डेंग्यूची आयजीएम तपासणी केली, निगेटिव्ह आली, घरचे निश्चिंत झाले. ताप हटेना म्हणून आठव्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं, तिथे पॉझिटिव्ह. मग दोन्ही रिपोर्ट आमच्यासमोर शेजारी शेजारी ठेवून विचारलं जातं, "यातला खरा कुठला?"

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. ही तपासणी विषाणू शोधत नाही. शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते, आणि त्या तयार व्हायला दिवस लागतात. डेंग्यूत आयजीएम, म्हणजे सुरुवातीला तयार होणाऱ्या प्रकारच्या अँटिबॉडी, साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात, दहाव्या दिवसापर्यंत जवळजवळ सगळ्या रुग्णांत सापडतात. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ "आजच्या नमुन्यात अँटिबॉडी सापडल्या नाहीत" एवढाच. "डेंग्यू नाही" हे त्यात लिहिलेलं नसतं, ते आपण वाचतो. त्या सुरुवातीच्या दिवसांत विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस-१ तपासणी उपयोगी पडते. तारीख नीट कळली तर रक्त काढण्याआधीच आम्ही तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारून घेतो. तुमची एक सुई आणि एक खेप वाचते.

पॉझिटिव्हच्या बाबतीत उलटी घाई होते. हिपॅटायटिस सी झालेल्याच्या रक्तात अँटिबॉडी येतात हे खरं. पण अँटिबॉडी आहेत म्हणजे आजार आज आहे, असं त्यावरून ठरत नाही. आजार पूर्ण बरा झाल्यावरही त्या वर्षानुवर्षं राहतात. विषाणू आज आहे का, हे त्याचं जनुकीय द्रव्य शोधणारी आरएनए तपासणी सांगते. हिपॅटायटिस बीच्या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी तर लस घेतल्यानंही येतात, आणि लस लागू पडल्याची ती चांगली खूण आहे. ते "पॉझिटिव्ह" वाचून रडत आलेल्या ताईंना आम्ही खुर्ची देऊन हे समजावलं आहे.

काहीच त्रास नसताना "एकदा बघून टाकू" म्हणून येणाऱ्यांनी पुढचा हिशेब जरूर वाचावा. समजा १००० माणसांत खरी लागण १० जणांना आहे. तपासणीचं किट १०० बाधितांपैकी ९० ओळखतं आणि लागण नसलेल्या १०० पैकी ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवतं. मग १० पैकी ९ सापडतील, आणि उरलेल्या ९९० पैकी सुमारे ५० जणही पॉझिटिव्ह येतील. ५९ पॉझिटिव्हमध्ये खरे फक्त ९! तेच किट अशा १००० जणांवर वापरलं की ज्यांतल्या ५०० जणांना लागण आहे, तर ४७५ पॉझिटिव्हपैकी ४५० खरे निघतात. किट बदललेलं नाही, माणसं बदलली. लक्षणं, संपर्क, डॉक्टरांची चिठ्ठी हे सगळं आम्ही विचारतो ते याचसाठी. ही चौकशी उगाच वाटते अशी तक्रार येते, पण ती आम्ही सोडणार नाही.

तपासणीचा आकडा कट-ऑफच्या, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणाऱ्या सीमेच्या, अगदी जवळ असेल तर आम्ही ओढूनताणून पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहीत नाही. "सीमारेषेवर" असं लिहितो आणि काही दिवसांनी दुसरा नमुना मागतो. हा नमुना शक्यतो आमच्याकडेच द्या. वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. एका लॅबमधला ८ आणि दुसरीतला १२ यावरून अँटिबॉडी वाढल्या असं म्हणता येत नाही. आम्ही पहिल्या नमुन्याचं सीरम (रक्त साकळल्यावर वेगळा होणारा द्रव) गोठवून ठेवतो आणि दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच किटवर लावतो. तेव्हा दिसणारी वाढ खरी वाढ असते.

दुसऱ्या नमुन्याची गरज लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर ते पहिल्याच भेटीत काउंटरवर सांगा, म्हणजे तुमच्या नळीवर तशी चिठ्ठी लावून ती वेगळी ठेवता येते.