न्यायाधीशाच्या नेमणुकीलाच आव्हान : स्ट्रासबर्गच्या न्यायालयात अर्ज करण्याची पात्रता, कागदपत्रे आणि मुदत

युरोपातील एखाद्या देशात निकाल देणाऱ्या पीठावरील न्यायाधीशाची नेमणूकच कायद्याला धरून झालेली नसेल, तर बाधित पक्षकाराला त्या देशातील सर्व कायदेशीर उपाय संपल्यानंतर फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाकडे अर्ज करता येतो. हे न्यायालय युरोपीय संघाचे नसून ४६ सदस्य देशांच्या युरोप परिषदेचे आहे. संघाचे सर्व २७ देश या परिषदेतही आहेत. संघाचे स्वतःचे न्यायालय लक्झेंबर्गला आहे, परंतु आपल्या देशातील निकालाविरुद्ध तेथे पक्षकाराला थेट अपील करता येत नाही. स्ट्रासबर्गच्या अर्जाचा आधार म्हणजे युरोपीय मानवाधिकार कराराचे कलम ६(१), ज्यानुसार कायद्याने स्थापन झालेल्या, स्वतंत्र आणि निःपक्ष न्यायाधिकरणापुढे सुनावणी मिळणे हा हक्क आहे.

पात्रता

अर्जदार व्यक्ती, संस्था किंवा कंपनी असू शकते आणि नागरिकत्वाची अट नाही. त्यामुळे पुण्याहून किंवा पणजीहून नोकरीनिमित्त वॉर्सात राहायला गेलेल्या माणसालाही हा मार्ग खुला आहे. मात्र कलम ६ दिवाणी हक्क आणि फौजदारी आरोप यांपुरतेच आहे. व्हिसा, वास्तव्याचा परवाना किंवा हद्दपारी यांसंबंधीचे वाद त्यात बसत नाहीत, हे आधीच लक्षात घेतलेले बरे. शिवाय नुकसान स्वतः अर्जदाराचे झालेले असावे लागते. देशातील न्यायव्यवस्था बिघडली आहे, एवढ्या सर्वसाधारण तक्रारीवर अर्ज टिकत नाही.

पोलंडमधील एका खटल्याने हे स्पष्ट होते. तेथील हिरवळीचे गवत पिकवणाऱ्या एका कंपनीने वन्य प्राण्यांनी केलेल्या नासाडीची भरपाई मागितली होती. प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले. तेथील पाच जणांच्या पीठात, आधीच रीतसर भरलेल्या जागेवर २०१५ मध्ये नव्याने निवडलेला एक न्यायाधीश होता. ७ मे २०२१ रोजी स्ट्रासबर्गने कलम ६(१) चा भंग झाल्याचा निर्णय दिला.

प्रत्येक तांत्रिक त्रुटी मात्र पुरत नाही. आइसलँडच्या खटल्यात १ डिसेंबर २०२० रोजी मोठ्या पीठाने तीन कसोट्या सांगितल्या: देशाच्या कायद्याचा उघड भंग झाला आहे का, तो नेमणुकीच्या मूलभूत नियमाचा भंग आहे का, आणि देशातील न्यायालयांनी त्याची परिणामकारक तपासणी करून दुरुस्ती केली का. आइसलँडमध्ये न्यायाधीशपदासाठी तज्ज्ञ समितीने निवडलेल्या १५ उमेदवारांपैकी चौघांना वगळून न्यायमंत्र्यांनी आपल्या पसंतीचे चौघे सुचवले होते.

कागदपत्रे

न्यायालयाच्या संकेतस्थळावरील विहित नमुनाच वापरावा लागतो. वस्तुस्थिती, कराराचा भंग आणि वापरलेले देशांतर्गत उपाय हे सर्व नमुन्यातील जागेतच थोडक्यात मांडायचे असते. जोडपत्र फार तर २० पानांचे चालते. सोबत सर्व न्यायालयांचे निकाल, आपली अपिले आणि अंतिम निकाल कधी मिळाला याचा पुरावा जोडावा. त्या न्यायाधीशाला बाजूला ठेवावे, असा अर्ज आपण देशातच केला असेल तर त्याची आणि त्यावरील आदेशाची प्रत सर्वांत महत्त्वाची, कारण तेथे न उठवलेला आक्षेप स्ट्रासबर्गमध्ये सहसा ऐकला जात नाही. मूळ कागद पाठवू नयेत. प्रती तारीखवार लावून त्यांना क्रमांक द्यावेत. वकील नेमला असल्यास नमुन्यातील अधिकारपत्रावर दोघांच्या सह्या लागतात, आणि कंपनीच्या वतीने सही करणाऱ्याला तसा अधिकार असल्याचा पुरावा लागतो.

अर्ज कोणत्याही सदस्य देशाच्या अधिकृत भाषेत करता येतो, म्हणजे इंग्रजी चालते, मराठी चालत नाही. शुल्क काहीही नाही, आणि या टप्प्यावर वकीलही बंधनकारक नाही.

मुदत

१ फेब्रुवारी २०२२ पासून ही मुदत सहा महिन्यांवरून चार महिन्यांवर आली आहे. ती अंतिम देशांतर्गत निर्णयापासून मोजली जाते, आणि शेवटचा दिवस रविवार असला तरी वाढत नाही. प्रत्यक्ष सही असलेला अर्ज टपालानेच पाठवायचा असतो व टपालाच्या शिक्क्याची तारीख धरली जाते. अर्ज अपुरा असेल तर तो विचारात घेतला जात नाही आणि दरम्यान मुदत थांबत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट पाहणे धोक्याचे आहे.

पुढे काय होते

उघडपणे अग्राह्य अर्ज एकच न्यायाधीश फेटाळतो आणि त्यावर अपील नाही. अर्ज टिकला तर तो संबंधित सरकारकडे म्हणणे मांडण्यासाठी जातो. तेथून पुढे साधारणपणे वकील आणि इंग्रजी किंवा फ्रेंच भाषा आवश्यक ठरते. जिंकल्यानंतरही देशातील निकाल आपोआप रद्द होत नाही. आइसलँडच्या अर्जदाराला भंगाचा निर्णय आणि खर्च मिळाला, नुकसानभरपाई मिळाली नाही. खटला पुन्हा उघडायचा की नाही हे त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते, त्यामुळे तशी तरतूद आहे का, हे अर्ज करण्यापूर्वीच स्थानिक वकिलाकडून तपासून घ्यावे.