कार्ले चैत्यगृह

पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळच्या डोंगरात कोरलेले बौद्ध प्रार्थनागृह. काळ साधारण इ.स. पहिले शतक. व्हरांड्यातल्या ब्राह्मी लेखानुसार वैजयंतीचा (आजचे बनवासी) श्रेष्ठी (धनिक व्यापारी) भूतपाल याने जंबुद्वीपातले (म्हणजे भारतखंडातले) हे उत्तम शैलगृह पूर्ण केले. दावा मोठा असला तरी खांबांवरच्या लेखांत इतरही अनेक दाते आहेत. धेनुकाकट गावचे यवनसुद्धा (त्या काळी हा शब्द ग्रीकांसाठी वापरत).

मळवली हे जवळचे स्थानक. तिथे पुणे–लोणावळा लोकल थांबतात. डोंगराच्या पायथ्यापर्यंत रिक्षा, पुढे पायऱ्या. पावसाळ्यात त्या निसरड्या होतात, गुळगुळीत तळाची चप्पल नको. चैत्यगृहासाठी पुरातत्त्व खात्याचे तिकीट लागते. दाराशीच एकवीरा देवीचे मंदिर असल्याने चैत्रातली यात्रा, नवरात्र आणि रविवारी अंगण रांगांनी भरते. लेणे निवांत पाहायचे तर हे दिवस टाळावेत.

दर्शनी बाजू पश्चिमेला असल्याने उतरते ऊन कमानीच्या मोठ्या गवाक्षातून आत येते. सकाळी आलेल्यांना सभागृह काळोखे वाटते ते यामुळेच. अंगणात डावीकडे सोळा बाजूंचा सिंहस्तंभ आहे. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना भिंतीतून पुढे आलेले हत्ती, दारांजवळ मिथुन शिल्पे, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या जोड्या. दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती मात्र मूळ कामातल्या नाहीत, काही शतकांनंतर महायान या बौद्ध पंथाच्या काळात कोरल्या गेल्या. दोन्ही एकाच काळाचे समजले की सारा हिशेब चुकतो.

आतला दालनभाग सुमारे ३८ मीटर लांब आहे. मधल्या दाराने थेट स्तूपाकडे जाण्याऐवजी डाव्या पाखाडीतून (खांब आणि भिंत यांमधल्या वाटेने) गेलेले बरे, कारण प्रदक्षिणेत स्तूप उजव्या हाताला राहायला हवा. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब: तळाशी कुंभ, वर अष्टकोनी दांडा, मग उलट्या कमळासारखी घंटा आणि त्यावर गुडघे टेकलेल्या हत्तींवरची जोडपी. पाखाडीच्या बाजूला हत्तींऐवजी घोडे दिसतात, पण मधल्या भागातूनच परतणाऱ्यांच्या ते नजरेतून सुटतात. स्तूपामागचे सात खांब अगदी साधे अष्टकोनी आहेत. तिथे उजेड कमी, बॅटरी जवळ असावी. लेखांवर ती समोरून न धरता बाजूने तिरकी धरली की अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ब्राह्मी स्पष्ट दिसते.

छताला सागवानी फासळ्या आहेत. त्या छत पेलत नाहीत. कातळ स्वतःच उभा आहे. लाकडी बांधकामाची जुनी घडण दगडातही ठेवायची म्हणून त्या बसवल्या. मूळ लाकूड इतक्या शतकांनंतर टिकलेले असणे विरळाच, स्तूपावरचे छत्रही लाकडीच आहे. स्तूपावर नाणी ठेवणे, खांबांना हात लावणे, अक्षरे ठळक दिसावीत म्हणून खडू फासणे हे सारे दगडाला बाधते. अनेक उपासक इथे वंदना म्हणतात. ती चालू असेल तर थोडे थांबून मगच प्रदक्षिणेला निघावे.

कार्ल्यानंतर त्याच दिवशी इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडचे, याहून जुने भाजे लेणे पाहता येते. तिथले खांब आतल्या बाजूला झुकलेले आहेत. कार्ल्याचे सरळ खांब नुकतेच पाहिलेले असले की हा फरक लगेच कळतो.