उन्हाळी संगीत महोत्सव: पोस्टरच्या आधीची गोष्ट

१८७६च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या बायरॉइट गावात खाण्याचे वांधे झाले होते. रिचर्ड वॅग्नरने खास आपल्या ऑपेरांसाठी बांधून घेतलेलं नाट्यगृह नुकतंच उघडलं होतं आणि चार खेळांची ‘रिंग’ मालिका बघायला युरोपभरातून माणसं लोटली होती. गाव लहान, खानावळी मोजक्या. रशियन वर्तमानपत्रासाठी वार्तांकन करायला आलेल्या संगीतकार चायकोव्हस्कीने लिहून ठेवलं आहे, की मंडळी वॅग्नरच्या संगीतापेक्षा कटलेट, बटाटे आणि ऑम्लेट यांच्याबद्दलच जास्त उत्साहाने बोलत होती. महोत्सव तोट्यात गेला. पुढचा भरवायला १८८२ उजाडलं.

यंदा कुठे जायचं म्हणून चार महोत्सवांची पोस्टरं शेजारी शेजारी ठेवून बसलेल्यांना ही हकीकत जुनीपुराणी वाटेल. पण महोत्सवाचा स्वभाव तो कशासाठी सुरू झाला यावर बराच ठरतो, आणि तो सहजासहजी बदलत नाही. पोस्टर मात्र दर वर्षी बदलतं.

आधी उन्हाळाच का, ते पाहू. युरोप-अमेरिकेतला उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. शहरांतल्या ऑपेरा आणि वाद्यवृंदांचा हंगाम शरदापासून वसंतापर्यंत चालतो आणि उन्हाळ्यात नाट्यगृहं बंद असतात. म्हणजे वादक मोकळे, श्रोत्यांनाही सुट्टी. बायरॉइटचा वाद्यवृंद आजही असाच, ठिकठिकाणच्या वाद्यवृंदांतून सुट्टीवर आलेल्या वादकांचा जमतो. १९२० मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचा महोत्सव सुरू झाला तो २२ ऑगस्टला, कॅथीड्रलसमोरच्या चौकात, तोही नाटकाच्या प्रयोगाने. इंग्लंडमधला ‘थ्री क्वायर्स’ या सगळ्यांहून जुना, साधारण १७१५च्या सुमाराचा. ग्लॉस्टर, हेरेफर्ड आणि वुस्टर ही तीन गावं आळीपाळीने तो भरवतात. निवडीचा प्रश्नच नव्हता. ज्याची पाळी त्या गावाला जायचं.

उघड्या मैदानाची चटक अमेरिकेत लागली, आणि त्यात पावसाचा हात मोठा आहे. १२ ऑगस्ट १९३७च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या टँगलवुडला बॉस्टन सिम्फनीचा वॅग्नरचाच कार्यक्रम तंबूत चालू होता. वादळ आलं. गडगडाटात वादन थांबवावं लागलं, तंबूतून पाणी आत आलं. महोत्सवाच्या कर्त्याधर्त्या गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ यांनी त्याच रात्री श्रोत्यांसमोर उभं राहून पक्क्या छपरासाठी देणग्या मागितल्या. पुढच्याच उन्हाळ्यात सुमारे पाच हजार खुर्च्यांची, बाजूंनी उघडी अशी ‘शेड’ उभी राहिली. तिच्या पलीकडे हिरवळ पसरलेली. आत खुर्चीवर ताठ बसणारे आणि बाहेर गवतावर चादर अंथरून पाय पसरणारे, असे एकाच मैफलीचे दोन प्रकारचे श्रोते झाले. माझ्या मते आजच्या मैदानी महोत्सवाचा खरा पूर्वज तो गवतावरचा श्रोता.

१९५४ मध्ये बॉस्टनला जॅझ क्लब चालवणाऱ्या जॉर्ज वाइनने लॉरिलार्ड या धनिक जोडप्याच्या मदतीने न्यूपोर्टला जॅझ महोत्सव भरवला. न्यूपोर्ट म्हणजे गडगंज लोकांचं उन्हाळ्यातलं राहण्याचं ठिकाण. रात्री धुराने कोंदलेल्या तळघरांत वाजणारं संगीत तिथल्या टेनिस क्लबाच्या आवारात आलं. सहा वर्षांत गर्दी इतकी वाढली, की १९६० मध्ये आत जागा न मिळालेल्या तरुणांची पोलिसांशी जुंपली आणि महोत्सव अर्धवट गुंडाळावा लागला. त्याच गावातल्या लोकसंगीताच्या महोत्सवात १९६५ मध्ये साध्या गिटारवर गाणारा म्हणून ओळखला जाणारा बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि काही श्रोत्यांनी हुर्यो उडवली. त्यांचं कारण गिटार होतं की खराब आवाज, यावर अजून वाद घातला जातो. मला त्यात दिसतं ते इतकंच, की तिकीट काढणाऱ्याच्या मनात गायकाच्या नावापलीकडे महोत्सवाशी एक करार असतो, आणि तो मोडला की माणूस चिडतो.

मग १९६९चं, न्यूयॉर्क राज्यातलं वुडस्टॉक. त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी एकच तपशील घेतो. वॉलकिल या ठरलेल्या गावाने जेमतेम महिनाभर आधी परवानगी नाकारली. बेथेलजवळ मॅक्स यास्गर यांचं शेत मिळालं, पण कुंपण आणि स्टेज दोन्ही उभारायला वेळच उरला नाही. आयोजकांनी फक्त स्टेज उभारलं, कुंपण राहून गेलं. १८ डॉलरचं आगाऊ तिकीट काढलेले आणि फुकटे, चार लाखांच्या आसपास लोक एकाच चिखलात. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स वाजवायला उभा राहिला तो सोमवारी सकाळी, तेव्हा बहुतेक गर्दी घरी निघालेली. ‘मी तेव्हा असतो तर नक्की गेलो असतो’ म्हणणाऱ्यांतले निम्मे रस्त्यावरच्या वाहनकोंडीतच अडकले असते, अशी माझी खात्री आहे.

पुढच्या वर्षी, १९ सप्टेंबर १९७० रोजी, इंग्लंडमध्ये मायकेल ईविस नावाच्या दुग्धव्यावसायिकाने आपल्या शेतावर महोत्सव भरवला. तिकीट एक पौंड, आणि त्यात गोठ्यातलं दूध फुकट. ‘किंक्स’ हा बँड यायचा होता तो आलाच नाही, त्याच्या जागी मार्क बोलनचा ‘टिरॅनोसॉरस रेक्स’ हा बँड वाजवून गेला. श्रोते दीड हजाराच्या घरात. तेच आजचं ग्लास्टनबरी, दोन लाखांवर माणसांचं. पण शेत अजून शेतच आहे. दर काही वर्षांनी जमिनीला आणि गुरांना विश्रांती म्हणून महोत्सव भरवतच नाहीत, २०१८ हे तसं एक वर्ष. तिथली तिकिटं मोठी नावं जाहीर होण्याआधीच संपतात. म्हणजे पोस्टर न बघता लाखभराहून जास्त माणसं ‘कुठे जायचं’ हे ठरवून मोकळी होतात. कलाकारांची यादी हाच निकष मानणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

कुंपणं आणि नियम यायचे ते आलेच. आइल ऑफ वाइट या इंग्लिश बेटावरच्या महोत्सवात १९७० मध्ये झालेल्या अफाट गर्दीनंतर तिथल्या मोठ्या जमावांवर १९७१ मध्ये कायद्याने बंधनं आली आणि तो महोत्सव परतला तो थेट २००२ मध्ये. डेन्मार्कच्या रॉस्किल्डला २००० साली स्टेजपुढच्या रेटारेटीत नऊ तरुण दगावले. स्टेजसमोरची जागा विभागून आत किती माणसं सोडायची याची शिस्त आज ठिकठिकाणी दिसते, तिच्यामागे ही रात्र आहे. रॉस्किल्ड नफ्यासाठी चालत नाही, हजारो स्वयंसेवक तो उभा करतात. बुडापेस्टच्या बेटावरचा सिगेटही १९९३ मध्ये विद्यार्थ्यांचा महोत्सव म्हणून सुरू झाला.

खरी गंमत १९९९ नंतरची. नॅपस्टर आलं, गाणी फुकट उतरवता येऊ लागली, सीडींचा खप घसरत गेला आणि कलाकारांची मिळकत दौऱ्यांवर येऊन ठेपली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कोचेला पहिल्यांदा भरला आणि मोठ्या तोट्यात गेला. २००० मध्ये झालाच नाही, २००१ मध्ये एप्रिलमध्ये हलवून एका दिवसाचा केला. २०१२ पासून तोच कार्यक्रम लागोपाठ दोन आठवडे शुक्रवार ते रविवार होतो. बड्या कंपन्यांनी एकेक महोत्सव विकत घ्यायला सुरुवात केली. कलाकाराच्या करारात ‘अमुक काळ अमुक अंतराच्या परिघात दुसरीकडे वाजवायचं नाही’ अशी अट आली. पोस्टरवर नाव कितव्या ओळीत आणि केवढ्या अक्षरात, यावर एजंट घासाघीस करू लागले. दौऱ्यावर निघालेले तेच पाचसहा हेडलाइनर, म्हणजे वरच्या ओळीतले बडे कलाकार, एका उन्हाळ्यात देशोदेशीच्या पोस्टरांवर झळकायला लागले. ‘कुठे जायचं’ हा प्रश्न आजच्या इतका अवघड झाला तो तेव्हापासून. पर्याय वाढले, पण वरच्या ओळी सारख्याच.

म्हणून मी पोस्टरआधी नकाशा बघतो. ग्लास्टनबरी किंवा रॉस्किल्ड म्हणजे तंबूत राहणं, सकाळी संडासाची रांग, पाऊस आला तर गमबूट. शिकागोच्या ग्रँट पार्कातला लोलापलूझा शहराच्या मधोमध असतो, रात्री दहाच्या सुमारास आवाज बंद, मग खोलीवर जाऊन आंघोळ. स्वित्झर्लंडमधला माँत्रोचा महोत्सव सरोवराकाठच्या गावात भरतो. बायरॉइटला कडक लाकडी खुर्च्यांवर कित्येक तास बसायची तयारी लागते.

जपानचा फुजी रॉक १९९७ मध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी सुरू झाला. पहिल्याच वर्षी वादळाने झोडपलं, दुसरा दिवस रद्द करावा लागला. १९९९ पासून तो फुजीपासून बऱ्याच दूर, नाएबा या स्कीइंगच्या डोंगरात भरतो. नाव मात्र तेच राहिलं. डोंगरात जुलैअखेरचा पाऊस जवळजवळ ठरलेला, आणि स्टेजसमोर छत्री उघडायला मनाई. तेव्हा तिकडचं तिकीट काढणाऱ्याने हेडलाइनर कोण हे नंतर बघितलं तरी चालेल, रेनकोट आधी घ्यावा.