दाताच्या डॉक्टरची भीती कुठून आली आणि आता ती का नको (आमच्या क्लिनिकच्या पेशंटसाठी)

खुर्चीत बसल्या बसल्या बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात, डॉक्टर, दुखणार नाही ना? रात्री एकटे शेतात पाणी धरायला जाणारे लोक सुद्धा इथे हातात रुमाल घट्ट धरून बसतात. आम्हाला यात हसण्यासारखं काहीच वाटत नाही, कारण ही भीती खोटी नाहीये, ती हजारो वर्षांची आहे आणि तिला तसं कारणही होतं. वाईट एवढंच वाटतं की त्या भीतीपायी माणसं चार-चार महिने लवंग दाताखाली धरून काढतात, मेडिकलमधून पेनकिलर आणून खातात, आणि जी दाढ एका साध्या फिलिंगमध्ये वाचली असती ती काढायचीच वेळ आल्यावर येतात. म्हणून वेटिंगमध्ये बसल्या बसल्या वाचायला हे लिहिलंय.

दाताला कीड लागली म्हणजे काय

आपण सहज म्हणतो, दात किडला, दाढेला कीड लागली. हा समज फार जुना आहे. आजच्या इराकमधल्या प्राचीन बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर एक मंत्र सापडलाय, त्यात किडा देवाकडे जाऊन रडतो की मला खायला काय देणार, देव त्याला पिकलेली अंजिरं देतो तर तो म्हणतो ती नकोत, मला माणसाच्या दातात आणि हिरडीत राहू दे. युरोपात शेकडो वर्षं लोक खुरासानी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकून तो धूर तोंडात घ्यायचे, बिया तडकल्या की आतला पांढरा कोंब बाहेर पडायचा आणि तोच किडा म्हणून दाखवला जायचा. आपल्याकडे रिंगणीच्या बियांचा धूर देतात तो याच जातीतला उपाय. काही पेशंट अजून सांगतात की आमच्या गावात एकाने कीड काढून दाखवली. दाखवली असेल, पण दातात किडा नसतो हो. खरं काय असतं ते पुढे येतंच आहे.

दातावर हत्यार चालवायची सुरुवात मात्र आपल्याला वाटते त्यापेक्षा फार आधी झालीये. आजच्या पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात मेहरगढ नावाची जागा आहे, तिथल्या ७५०० ते ९००० वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत ९ माणसांच्या ११ दाढांना बारीक भोकं पाडलेली सापडली. तिथले लोक मण्यांना भोक पाडण्यात तरबेज होते आणि तेच गारगोटीचं टोक लावलेलं हत्यार त्यांनी दातावर वापरलं असं संशोधकांना वाटतं. भोकांच्या कडा झिजलेल्या आहेत, म्हणजे त्यानंतर ती माणसं त्याच दाढांनी जेवत होती. भुलीशिवाय हे सहन केलं असणार. आम्ही रोज ड्रिल हातात धरतो, आम्हाला तरी हे वाचून त्या माणसांचं फार वाटतं.

आपल्या सुश्रुतसंहितेत दातांचं बरंच आहे. दात घासायची काडी बारा अंगुळं लांब आणि करंगळीएवढी जाड असावी, कडू झाडांत कडुलिंब चांगला, तुरटांत खैर, असं अगदी तपशिलात दिलंय. शिवाय शस्त्रांच्या यादीत दंतशंकू नावाचं हत्यार आहे, दातावरचं किटण काढायचं. त्या किटणाला तिथे दंतशर्करा म्हटलंय, साखरेच्या खड्यासारखं कडक म्हणून. हे मुद्दाम सांगतोय कारण क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात ही तक्रार आम्हाला दर आठवड्याला ऐकायला मिळते. किटण काढायची पद्धत काही कालपरवा परदेशातून आलेली नाहीये. होतं असं की किटण वर्षानुवर्षं साचून हिरडी खाली सरकते, आतलं हाड कमी होतं आणि दात आधीच सैल झालेला असतो, फक्त ते किटण प्लॅस्टरसारखं त्याला धरून असतं, ते निघालं की सैलपणा जाणवतो. म्हणून किटण थोडं असतानाच काढलं तर हा प्रश्नच येत नाही.

न्हावी, जत्रा आणि पक्कड

भीतीचं खरं मूळ इथे आहे. युरोपात कित्येक शतकं दात काढायचं काम न्हाव्याकडे किंवा जत्रेत फिरणाऱ्या माणसाकडे असायचं. इंग्लंडमध्ये तर १५४० साली न्हावी आणि सर्जन यांची एकच संघटना केली होती, ती १७४५ पर्यंत टिकली. उपचार म्हणजे दात उपटणे, बाकी फारसं काही नाही. पेशंटला जमिनीवर बसवायचं, डोकं गुडघ्यांत दाबायचं आणि ओढायचं. आपल्याकडे सुद्धा आठवडी बाजारात चादर अंथरून पक्कड आणि काढलेल्या दातांचा ढीग मांडून बसणारे लोक होते, माझ्या आजोबांची एक दाढ अशाच बाजारात काढलेली, मुळाचा तुकडा आत राहिला आणि पुढे पंधरा दिवस त्यांचा गाल सुजलेला होता. ते शेवटपर्यंत दाताच्या डॉक्टरकडे गेले नाहीत, मी दाताचा डॉक्टर झाल्यावर सुद्धा नाही. त्यांना मी कधी दोष दिला नाही.

यातून बाहेर काढणारा पहिला मोठा माणूस म्हणजे फ्रान्सचा पिएर फोशार. त्याने १७२८ मध्ये दातांवर दोन खंडांचं पुस्तक छापलं आणि स्वतःला सर्जन दंतवैद्य म्हणवून घेतलं. त्या काळी जो तो आपली कला लपवून ठेवायचा, याने हत्यारांच्या चित्रांसकट सगळं उघडं लिहून टाकलं. मायक्रोस्कोप घेऊन त्याने दातातला किडा शोधला, सापडला नाही, आणि तसं त्याने सरळ लिहिलं. साखर दातांना वाईट हेही लिहिलं. पेशंटला जमिनीवरून उठवून चांगल्या खुर्चीत बसवायचा आग्रह धरला. तुम्ही आज ज्या खुर्चीत बसता तिची सुरुवात तिथून आहे असं म्हटलं तरी चालेल.

दात वाचवता येत नव्हते म्हणून कवळ्यांची पाळी लवकर यायची. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं, ते खरं नाही, त्यात पाणघोड्याचा दात आणि माणसांचे दात होते. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर तर मेलेल्या सैनिकांचे दात काढून कवळीत बसवायला विकले गेले. आज आपण जी गुलाबी ॲक्रिलिकची हलकी कवळी देतो ती १९३० च्या दशकाच्या शेवटी आली.

होरेस वेल्स

आता ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं तो माणूस. अमेरिकेत हार्टफर्ड गावात होरेस वेल्स नावाचा डेंटिस्ट होता. १० डिसेंबर १८४४ ला तो बायकोबरोबर एका खेळाला गेला, तिथे कोल्टन नावाचा माणूस लोकांना लाफिंग गॅस हुंगवून गंमत दाखवत होता. गॅस घेतलेला एक माणूस धडपडला, पायाला चांगलंच लागलं, रक्त आलं, आणि त्याला पत्ताच नाही. बाकीचे हसत होते, वेल्सने मात्र ते बरोबर टिपलं. दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनला आपल्या दवाखान्यात बोलावलं, स्वतः गॅस घेतला आणि रिग्ज नावाच्या सहकाऱ्याला सांगितलं की माझी दाढ काढ. म्हणजे पहिला प्रयोग त्याने पेशंटवर केला नाही, स्वतःवर केला. आम्हाला या गोष्टीचा फार आदर वाटतो.

पुढे १८४५ च्या जानेवारीत तो बॉस्टनला डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर हे दाखवायला गेला. गॅस पुरेसा दिला गेला नव्हता, दात काढताना पेशंट ओरडला आणि सगळ्यांनी वेल्सची हुर्यो उडवली, लबाड म्हणाले. तो मोडून पडला. त्याचाच जुना भागीदार विल्यम मॉर्टन याने १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनच्याच मोठ्या हॉस्पिटलात इथर नावाचं औषध हुंगवून पेशंटला भूल दिली, सर्जनने गाठीचं ऑपरेशन यशस्वी केलं आणि नाव मॉर्टनचं झालं. वेल्सने १८४८ च्या जानेवारीत जीव दिला, तेव्हा तो फक्त ३३ वर्षांचा होता. अमेरिकेतल्या डेंटिस्टांच्या संघटनेने भुलीचा शोध त्याचा आहे असं मान्य केलं ते १८६४ मध्ये. आज जगात कुठेही ऑपरेशन होतं, हार्टचं असो की सिझेरियन, त्यामागे दुखऱ्या दाढेवर उपाय शोधणारे हे दोन डेंटिस्ट आहेत हे फार कमी लोकांना माहीत असतं.

आपण इथे जे इंजेक्शन देतो ते वेगळं, फक्त तेवढीच जागा बधिर करणारं. १८८४ मध्ये आधी कोकेन वापरून पाहिलं गेलं, पण त्याची सवय लागायची, ते देणाऱ्या डॉक्टरांना सुद्धा लागली. मग जर्मनीत १९०५ ला प्रोकेन आलं आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेनने लिग्नोकेन शोधलं, १९४८ पासून ते बाजारात आहे आणि आम्ही रोज तेच वापरतो. हे औषध नसेतून दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाऊ देत नाही. पण एक अडचण असते, पू झालेल्या, सुजलेल्या जागेत आम्लपणा वाढतो आणि औषधाला नसेच्या आत शिरायला त्रास होतो. म्हणून खूप सूज घेऊन आलेल्या पेशंटला भूल नीट चढत नाही आणि तोच माणूस बाहेर जाऊन सांगतो की लई दुखलं. ठणका सुरू व्हायच्या आधी या असं आम्ही सारखं का म्हणतो त्याचं हे खरं कारण.

मशीनचा आवाज

पूर्वी ड्रिल शिलाई मशीनसारखं पायाने चालवायचे, ते १८७१ मध्ये मॉरिसनने काढलं. हळू फिरायचं, त्यामुळे दात थरथरायचा आणि त्रास जास्त व्हायचा. १९५७ मध्ये हवेवर चालणारं एअरोटर आलं, मिनिटाला ३ लाख फेरे. तो किर्र आवाज कोणालाच आवडत नाही हे मान्य, पण त्या वेगामुळेच थरथर जवळजवळ नसते आणि काम पटकन होतं, सोबत पाणी उडतं ते दात तापू नये म्हणून. रूट कॅनलच्या बारीक सुया पाहून घाबरणाऱ्यांना एक सांगतो, १८३८ च्या सुमाराला एडवर्ड मेनार्ड नावाच्या डेंटिस्टने घड्याळाची स्प्रिंग घासून अशी पहिली सुई बनवली होती. दात काढायचा नाही, आतली सडलेली नस काढून दात ठेवायचा, हा विचार तिथपासून आहे.

किड्याचं कोडं सुटलं ते बर्लिनमध्ये. विलोबी मिलर हा अमेरिकन डेंटिस्ट रोगजंतूंचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये काम करायचा, त्याने १८९० मध्ये मांडलं की तोंडातले जंतू गोड आणि पिठूळ पदार्थांपासून ॲसिड बनवतात आणि ते ॲसिड दात विरघळवतं. म्हणून एकदाच पोटभर पुरणपोळी खाल्ली आणि चूळ भरली तर दातांना एवढा त्रास नाही, जेवढा दिवसभर थोडं थोडं बिस्किट, चहा, चॉकलेट चालू ठेवल्याने होतो, कारण प्रत्येक वेळी ॲसिड नव्याने तयार होतं. आयांनो, रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवू नका, पुढचे चारही दात त्यानेच जातात.

एक्स-रे बद्दल पण विचारतात. दातांचा पहिला एक्स-रे जर्मनीत ओटो वाल्कहॉफने १८९६ च्या जानेवारीत स्वतःचाच काढला, त्याला २५ मिनिटं तसंच बसावं लागलं. आपल्याकडच्या मशीनला एक सेकंदही लागत नाही.

आपल्या देशात

दातांचं पहिलं कॉलेज अमेरिकेत बाल्टिमोरला १८४० मध्ये निघालं. आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद अमेरिकेत शिकून आले आणि १९२० मध्ये त्यांनी कलकत्त्याला डेंटल कॉलेज काढलं, तेही त्यासाठी न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचं दुकान चालवून त्यातून आलेल्या पैशावर. त्याच कॉलेजात फातिमा जिना शिकल्या, महंमद अली जिनांची बहीण, आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचं डेंटल क्लिनिक उघडलं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एक बाई दाताचं क्लिनिक चालवत होती हे आमच्याकडे येणाऱ्या मुलींना आम्ही आवर्जून सांगतो. १९३३ ला मुंबईत नायरचं डेंटल कॉलेज सुरू झालं. आणि १९४८ ला डेंटिस्ट्स ॲक्ट आला, तेव्हापासून दाताच्या डॉक्टरचं नाव रजिस्टरला असायलाच लागतं. कुठल्याही क्लिनिकमध्ये रजिस्ट्रेशन नंबर बघायचा तुम्हाला हक्क आहे, आमचा काउंटरच्या मागे लावलाय.

आणि ती लवंग. घरी दाताखाली धरता तीच. तिच्या तेलातलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून आम्ही अजून तात्पुरतं सिमेंट भरतो, क्लिनिकमध्ये शिरल्यावर वास येतो तो बराचसा तिचाच. फक्त घरी लवंगेचं तेल थेट हिरडीवर ओतू नका, हिरडी भाजते, असे पेशंट येतात.

खुर्चीत बसायच्या आधी बीपी, शुगर, हार्टची गोळी, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील तर लपवू नका, भुलीच्या इंजेक्शनमध्ये बरेचदा थोडं ॲड्रेनॅलिन (हृदयाचे ठोके वाढवू शकणारं औषध) असतं, त्यामुळे आम्हाला ते आधी कळायला हवं. उपाशी येऊ नका, जेवून या. भूल दिल्यावर दोन-तीन तास ओठ जड राहतो, तोवर गरम चहा नको आणि लहान मुलं ओठ चावून घेतात तर त्यांच्याकडे लक्ष ठेवा. वरचा दात काढला की नजर कमी होते असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, दाताची नस वेगळी आणि डोळ्याने बघायची नस वेगळी.

काम चालू असताना तोंडात कापूस, पाणी ओढायची नळी असते, बोलता येत नाही. कुठेही दुखलं, भीती वाटली किंवा नुसता श्वास घ्यायचा असला तरी डावा हात वर करा. हात वर झाला की आम्ही मशीन बंद करतो, आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत परत चालू करत नाही.