‘८० टक्के लीन’ खिम्यातील चरबीचा हिशेब

अमेरिकेतील दुकानांत गोमांसाच्या खिम्याच्या पाकिटावर ‘८० टक्के लीन, २० टक्के फॅट’ (लीन म्हणजे चरबीविरहित भाग, फॅट म्हणजे चरबी) असे छापलेले असते आणि त्यावरून या खिम्यातील केवळ २० टक्के उष्मांक चरबीतून येतात, असा समज वर्षानुवर्षे रूढ आहे. तो चुकीचा आहे, कारण ही टक्केवारी कच्च्या मांसाच्या वजनाची आहे, उष्मांकांची नव्हे.

उरलेल्या ८० टक्क्यांत मोठा वाटा पाण्याचा असतो आणि पाण्याला उष्मांक नसतात. त्याच पाकिटावरील पोषण-तक्ता पाहावा : ११२ ग्रॅमच्या एका वाढणीत सुमारे २२ ग्रॅम चरबी. एका ग्रॅम चरबीतून ९ उष्मांक मिळतात, म्हणजे वाढणीतील सुमारे २८० उष्मांकांपैकी २०० एकट्या चरबीचे, अर्थात जवळजवळ ७० टक्के. ‘९३ टक्के लीन’ खिम्यातही हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास भरते.

गोंधळाचे मूळ काही अंशी नियमांतच आहे. तेथील कृषी खात्याच्या व्याख्येनुसार नुसते ‘लीन’ म्हणवून घेण्यासाठी १०० ग्रॅममागे १० ग्रॅमहून कमी चरबी असावी लागते. खिम्याला मात्र, चरबीची टक्केवारी शेजारीच तितक्याच ठळकपणे दिली, तर ही अट पूर्ण न करताही ‘अमुक टक्के लीन’ असे छापण्याची मुभा आहे. ही सवलत ग्राहकाच्या सोयीची आहे, असे म्हणणे कठीण. २०१२पासून खिम्याच्या पाकिटावर पोषण-तक्ता सक्तीचा झाला, परंतु तो बहुधा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतो.