पार्श्वभूमी: जुन्या मालिकांच्या डीव्हीडी आणि छाटलेली फ्रेम

बुनियाद, नुक्कड, मालगुडी डेज, रामायण, महाभारत, ब्योमकेश बक्षी. यातली कुठलीही मालिका डिस्कवर आली की ठरलेलं असतं, आधी सगळे जाम खूश, लहानपण परत मिळालं वगैरे, आणि मग सेट घरी येऊन पहिले दोन भाग बघून झाले की तक्रारी सुरू. टायटल साँग का कापलं, आवाज असा डब्यातून आल्यासारखा का, कोपऱ्यात हा लोगो कशाला. बाहेरच्या माणसाला वाटतं हे लोक कशानेच समाधानी होत नाहीत. पण ही चिडचिड नुसती हौसेची नाहीये, तिला बराच मागचा इतिहास आहे.

सुरुवात टेपपासून. त्या काळी व्हिडिओ टेप महाग, त्यामुळे एकदा प्रक्षेपण झालं की त्याच टेपवर दुसरं काहीतरी रेकॉर्ड करायचं ही सर्रास पद्धत होती, आणि फक्त आपल्याकडे नाही, ब्रिटनमध्ये पण साठच्या दशकातले कितीतरी कार्यक्रम असेच पुसले गेले. आपल्याकडचं सगळ्यात दुखरं उदाहरण म्हणजे सत्तरच्या दशकात मुंबई केंद्रावर गाजलेलं चिमणराव-गुंड्याभाऊ, त्याचे मोजकेच भाग आज उरलेत. म्हणजे ज्या मालिकेसाठी आमच्या आईवडिलांच्या पिढीने शेजाऱ्यांच्या घरात खाली सतरंजीवर बसून जागा धरली ती मालिका विकत घ्यायची म्हटली तरी नाही मिळणार, कारण विकायला काही शिल्लकच नाही.

1982 ला एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, त्याच सुमाराला व्हीसीआर घरोघरी नाही तरी गल्लोगल्ली दिसायला लागले. मग 1984 मध्ये हम लोग आली, दीडशेहून जास्त भाग, आणि तिच्या मागे पैसा होता एका इन्स्टंट नूडल्सवाल्या कंपनीचा. हा प्रायोजकाचा मामला डिस्कच्या गोष्टीत फार महत्त्वाचा आहे, कारण यानंतर बऱ्याच मालिका बाहेरचे निर्माते बनवायला लागले आणि टेपा आणि हक्क पुष्कळदा त्यांच्याकडेच राहिले. ज्याच्याकडे हक्क त्याला पुढे विकायची आशा, म्हणून त्याने टेपा जपल्या. आज डिस्कवर जे काही मिळतं त्यातलं बरंचसं या व्यवहारामुळे वाचलंय, कुणाच्या सांस्कृतिक दूरदृष्टीमुळे नाही.

व्हीएचएसचा, म्हणजे व्हिडिओ कॅसेटचा, काळ पटकन आटोपतो. परदेशातल्या आपल्या लोकांसाठी मात्र तो काळ मोठा होता, भारतातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी कॅसेटी असायच्याच. त्यात अमेरिकेत राहणाऱ्यांची वेगळीच गोची, इथली कॅसेट पाल पद्धतीची, तिथला व्हीसीआर एनटीएससीचा, टीव्हीच्या चित्राच्या या दोन पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणजे एकतर दोन्ही चालवणारं मल्टिसिस्टम मशीन घ्या नाहीतर कॉपी करून घ्या. आणि कॉपीची कॉपी झाली की चेहरे धुवून काढल्यासारखे.

मग व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ भरलेली साधी सीडी. स्वस्त, रस्त्यावर पण मिळायची, आणि क्वालिटी यथातथाच. चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, टीव्हीवर दिसायचं त्याच्या साधारण पाव. एका डिस्कमध्ये 74 मिनिटं. चाळीस मिनिटांचा भाग असेल तर एका डिस्कवर दोन बसत नाहीत, मग एकतर भाग मध्येच तोडायचा नाहीतर कात्री लावायची. कात्री कशाला लावणार, तर टायटल आणि ‘मागील भागात’ला. विकणाऱ्याच्या दृष्टीने तो फापटपसारा, बघणाऱ्याच्या दृष्टीने अर्धी मालिका त्यातच. हम लोगच्या शेवटी एक जुने ज्येष्ठ नट येऊन दोन शब्द बोलायचे, कथेशी त्याचा तसा काही संबंध नाही, पण ते काढून दाखवा आणि बघा लोक काय म्हणतात. महाभारतातलं ते काळाचं निवेदन तर विचारूच नका.

डीव्हीडी आली तेव्हा वाटलं आता प्रश्न मिटले, 720 बाय 576, जागा भरपूर, पुन्हा शेंडी-शेपटी कापायचं कारण उरलं नाही. आणि नेमकं तेव्हाच घराघरात टीव्ही रुंद झाले. इथून खरी भांडणं.

जुन्या मालिका 4:3 मध्ये शूट झालेल्या, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन, जवळपास चौकोनी. नवा टीव्ही 16:9. आता तीनच रस्ते: दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवा, चित्र ताणा, नाहीतर वरून-खालून कापून स्क्रीन भरा. ताणलं की माणसं एक तृतीयांशाने जाड होतात, ते इतकं उघड दिसतं की फार कुणी करत नाही. म्हणून कापतात. पूर्ण स्क्रीन भरायला कापावं किती लागतं? चित्राचा बरोब्बर चौथा हिस्सा. टेपवरच्या 576 रेषांपैकी उरतात 432, त्याच फुगवून मोठ्या पडद्यावर टाकायच्या आणि खोक्यावर छापायचं ‘नव्या तंत्राने सुधारित’. हे वाचून फॅन लोकांचं डोकं फिरतं यात नवल ते काय. पौराणिक मालिकेत तर हे फारच विनोदी दिसतं, क्लोजअपमध्ये राजाचा मुकुट अर्धा गायब आणि हनुवटी खालच्या काठाला टेकलेली, जसं काही कुणी कॅमेरामनला धक्का दिलाय.

परदेशात हाच वाद जास्त गाजला कारण तिकडच्या बऱ्याच मालिका फिल्मवर शूट झालेल्या, त्यामुळे निगेटिव्ह परत स्कॅन करून खरोखर चांगलं चित्र काढता येतं. स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन या अमेरिकन मालिकेचे 178 भाग 2012 ते 2014 मध्ये ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या जास्त स्पष्ट डिस्कवर, आले तेव्हा मूळ निगेटिव्हवरून सगळं पुन्हा जुळवलं, स्पेशल इफेक्ट पण नव्याने जोडले, आणि तरी फ्रेम 4:3 च ठेवली. फॅन अजून त्याचं नाव काढतात. 2012 मध्येच फ्रेंड्स ही विनोदी मालिका ब्लू-रेवर आली ती रुंद करून, निगेटिव्हवर कडेला जास्तीचं होतं ते उघडून, तर त्या कडेला जे कधी दिसायचंच नव्हतं ते दिसायला लागलं, एका ठिकाणी तर नटीच्या जागी उभी केलेली भलतीच बाई. आणि कहर म्हणजे साइनफेल्ड, तीही अमेरिकन विनोदी मालिका. 2021 मध्ये ती स्ट्रीमिंगवर रुंद फ्रेममध्ये आली, तिच्यात रस्त्यातल्या खड्ड्यावर एक आख्खा भाग आहे, आणि एका शॉटमध्ये माणूस खाली बघतोय तो खड्डाच कापून टाकलेला! सगळा विनोद फ्रेमच्या बाहेर.

आपल्याकडे हा कडेचा खजिना पण नाही, कारण आपल्या बऱ्याच मालिका थेट व्हिडिओ टेपवर शूट झालेल्या. टेपवर जे आहे तेवढंच आहे. त्यामुळे आपल्याकडे स्क्रीन भरणं म्हणजे नुसतं छाटणं.

दुसरी बाजू आहे, नाही असं नाही. काळ्या पट्ट्या दिसल्या की ‘डिस्क खराब आहे’ म्हणून दुकानात परत घेऊन येणारे गिऱ्हाईक खरंच असतात, आणि विकणाऱ्याला ते परवडत नाही. गंमत म्हणजे कॅसेटच्या काळात उलटं होतं, रुंद सिनेमे बाजूने कापून चौकोनी करायचे, तेव्हा पण तक्रार पट्ट्यांचीच. पण माझ्या मते हे कारण लंगडं आहे. टीव्हीच्या रिमोटवर झूमचं बटण असतं, ज्याला कापून बघायचंय त्याने ते दाबावं. कापलेलं परत जोडायचं बटण कुठल्याच रिमोटवर नाही.

28 मार्च 2020 पासून लॉकडाऊनमध्ये रामायण पुन्हा लागली आणि 16 एप्रिलचा भाग 7.7 कोटी लोकांनी बघितला असं जाहीर झालं, तेव्हा हक्कवाल्यांना परत जाग आली. पण तोवर घरातले डीव्हीडी प्लेयर माळ्यावर गेलेले आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, त्यामुळे नवं जे आलं ते मुख्यतः ऑनलाइन. आणि ऑनलाइन तर काय, आज एक फाइल, उद्या तीच बदलून दुसरी, कुणाला पत्ता पण लागत नाही. म्हणून सध्या जुन्या बाजारात उलटी हालचाल चालू आहे, ज्या पहिल्या डीव्हीडी सेटना लोकांनी नावं ठेवली होती तेच सेट ते लोक आता शोधतायत, कारण त्यात फ्रेम तरी अख्खी होती. घेणार असाल तर खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 4:3 लिहिलंय का ते बघा, आणि एकूण मिनिटं भागांच्या संख्येने भागून बघा. प्रक्षेपणाच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं कमी भरली तर टायटल गेलं समजायचं.