न छेडलेला गांधार

मे सरत आला की कोरेगाव, कराड, वाळव्याच्या शिवारात पावशा ओरडू लागतो. सूर पायरीपायरीने चढवत नेतो, टोकाला पोचला की एकदम थांबतो आणि पुन्हा खालून सुरुवात करतो. आपल्या माणसांनी त्यात ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ऐकलं. पाखराच्या ओरडण्यातली लय त्यांनी ओळखली, तिला शब्द दिले, पेरणीशी तिचं नातं जोडलं. हातात वाद्य कुणाच्याच नव्हतं. निसर्गाच्या आवाजात संगीत ऐकण्याची गोष्ट मला म्हणून इथूनच सांगावीशी वाटते.

शास्त्रकारांनीही कान रानाकडे लावला होता. नारदीय शिक्षा या स्वरांवरच्या जुन्या ग्रंथात षड्ज म्हणजे सा मोराचा, ऋषभ गाईचा, गांधार म्हणजे ग शेळ्यामेंढ्यांचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम वसंतातल्या कोकिळेचा, धैवत घोड्याचा आणि निषाद हत्तीचा सांगितला आहे. पुढे 13व्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, तेव्हा ऋषभ चातकाकडे गेला आणि धैवत बेडकाकडे. स्वर जुळवायचं माप म्हणून ही यादी वाचणं चूक ठरेल. षड्ज ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे बदलतो. पण स्वराची ओळख पटवायला या मंडळींनी रानाकडे आणि गोठ्याकडे बोट दाखवलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

सांगली जिल्ह्यात या ऐकण्याला एक वेगळंच वळण मिळालं. मिरजेच्या सतारमेकरांकडे तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेचा आवाज गुंजता करताना, कधी शेजारी बसून पाहावं. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी थोडी घासायची, तारेखालचा दोरा केसभर पुढेमागे सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. बराच वेळ नुसता खर्जच, म्हणजे खालचा सा, ऐकू येतो. मग दोरा नेमक्या जागी बसतो आणि खर्जाच्या तारेतून गांधार वर येतो. गांधाराला लावलेली तार तंबोऱ्यात नसते. कंप पावणारी तार मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरही देत असते. त्यातला पाचपटीचा स्वर म्हणजे हा गांधार. त्याला स्वयंभू म्हणतात. निसर्गाने तो तारेत आधीच ठेवलेला असतो, कारागीर त्याला वाट करून देतो.

हा गांधार नेमका कुठे लागतो, याचा ध्यास घेतलेली माणसंही याच भागात भेटतात. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 22 श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, कंपनांची प्रमाणं मांडणारं पुस्तक 1910 साली काढलं. साताऱ्याला जिल्हा न्यायाधीश असलेले ई. क्लेमेंट्स त्यांच्यासोबत या कामात उतरले. कान आणि गळा मात्र मिरजेत राहणाऱ्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा होता. देवल-क्लेमेंट्स यांच्या निष्कर्षांवर पुढे बरेच वाद झाले. तरीही कोर्टकचेरीतली माणसं एका स्वराच्या जागेसाठी एवढी झटली, याचं मला आजही अप्रूप आहे.

पश्चिमेकडे ही वाट यंत्रामुळे खुली झाली. 1889 साली जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या लहान मुलाने मेणाच्या नळकांड्यावर एका पाखराचा आवाज उतरवून घेतला. पक्ष्याच्या गाण्याचं ते सर्वांत जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण. ते पाखरू होतं शामा, आपल्या सह्याद्रीतल्या जंगलातही गाणारं. 29 ऑगस्ट 1952 रोजी अमेरिकेत वुडस्टॉकला संगीतकार जॉन केज यांची रचना सादर झाली, तेव्हा पियानोवादक 4 मिनिटं 33 सेकंद एकही स्वर न वाजवता बसला. लोकांच्या कानावर पडला तो बाहेरचा वारा आणि छपरावरचे पावसाचे थेंब. पुढे कॅनडात संगीतकार मरी शेफर यांनी एखाद्या जागेचे सगळे आवाज मिळून एक रचना म्हणून ऐकायला शिकवलं. त्यांच्या मते प्रत्येक जागेला आपला असा एक आधारस्वर असतो, जो सतत चालू असल्यामुळे आपल्या ध्यानातही येत नाही.

तंबोऱ्याच्या सोबतीने ऐकणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. ऑगस्टमध्ये पहाटे साताऱ्याजवळ ठोसेघरच्या बाजूला ओढ्याकाठी उभं राहावं. पाण्याचा खर्ज अखंड चालू असतो. अजून पुरतं उजाडलेलं नसतं. झाडीतून शीळकरी कस्तूर हा पक्षी शीळ घालतो, अगदी माणसासारखी; दोनचार स्वर घेतो, मध्येच सोडून देतो, थोड्या वेळाने दुसरीकडूनच उचलतो. तो थांबला की पाणी पुन्हा मोठं होतं.